खोती आणि एक विधेयक

आमदाराचे अग्रक्रम त्याच्या भाषणांपेक्षा त्याने मांडलेल्या विधेयकांतून अधिक नेमके वाचता येतात. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी १७ सप्टेंबरला खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात कूळ आणि सरकार यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत उभा होता. त्या मध्यस्थालाच हटवावे, ही त्यातील मागणी होती. सत्ता काँग्रेसकडे होती. विधेयक संमत झाले नाही. मात्र जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आले. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. विधिमंडळाचा इतिहास लिहिताना संमत कायद्यांइतकीच ही नामंजूर विधेयकेही वाचायला हवीत.