हातांचे शहाणपण : जामखेडचा धडा

व्यवसायोपचार ही विद्याशाखा आपल्याकडे रुजली ती महानगरात. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी तिचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. आजारी वा अपंग माणसाला त्याचे रोजचे काम परत मिळवून देणे, हा या शास्त्राचा गाभा. पण जेथे काम जन्मानेच वाट्याला येते, तेथे काम परत मिळणे म्हणजे जुनी पायरीच परत मिळणे नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) जामखेडपाशी येऊन थांबतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी परिचारिका गावोगाव पाठवल्या गेल्या, पण त्या गावाशी एकरूप होऊ शकल्या नाहीत. मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. त्यांत कित्येक दलित होत्या, कित्येक निरक्षर. जामखेडला एकत्र राहून, एका पंगतीत जेवून त्या शिकल्या. ज्यांचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्यांच्याच हाती गावाने बाळंतपणे सोपवली. कुष्ठरुग्णाला गावाबाहेर न काढता घरी ठेवूनच बरे करता येते, हेही त्यांनी दाखवले. येथे रुग्णाचे काम तर परत आलेच. पण शुश्रूषा करणारीची पायरीही बदलली. मुक्ती म्हणतात ती हीच, असे आम्हांस वाटते.

प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर फूटही बनू लागला. उकिडवे बसता येईल, चिखलातून अनवाणी चालता येईल असा हा पाय जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या हातून घडला. मॅगसेसे पुरस्कार मात्र १९८१ मध्ये डॉ. सेठींना मिळाला. डॉक्टरांची थोरवी त्याने उणावत नाही; पण ज्ञानाची नोंद कोणाच्या नावे होते, ते कळते.

म्हणूनच नुसता गौरव पुरेसा नाही. २००५ नंतर देशभर नेमलेल्या 'आशा' कार्यकर्त्यांना 'स्वयंसेविका' म्हटले गेले. त्या सन्मानाच्या शब्दाआड वेतनाचा प्रश्न झाकला गेला. २०२१ च्या कायद्याने व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या नोंदणीची व्यवस्था केली, ते योग्यच झाले. परंतु त्या नोंदवहीबाहेर राहिलेल्या हातांचे मोल आपण कोणत्या वहीत मांडणार आहोत?