चौथ्या सीटचा कायदा

मुंबई लोकलच्या सेकंड क्लासच्या बाकावर रेल्वेने तिघांची सोय केली; चौथ्याची सोय प्रवाशांनी केली. कसाबसा आत आलेला माणूस ‘जरा सरका’ म्हणतो. खिडकीशेजारचा भिंतीला चिकटतो, बाकीचे दोघे अंग चोरतात आणि चौथा एक पाय पॅसेजमध्ये रोवून बाकाच्या कडेला टेकतो. रेल्वेच्या नियमात ही जागा नाही. तरी ती नाकारणाऱ्याला आजूबाजूचे चार शब्द सुनावतात.

१८६७च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेला पहिली लोकल निघाली, तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. १९२८च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. पुढे गिरगाव-परळच्या चाळींतली कितीतरी मराठी कुटुंबं मोठ्या जागेसाठी बोरिवली, मुलुंडला आली. कचेऱ्या मात्र बराच काळ दक्षिण मुंबईतच राहिल्या. रोज तीच गाडी, तोच डबा, तेच चेहरे. उद्या पुन्हा याच माणसांसमोर उभं राहायचंय, या जाणिवेतून हा कायदा घडला.

बायकांच्या डब्यात तो अधिक काटेकोर. ‘कुठे उतरणार?’ ‘अंधेरी.’ एवढ्या बोलण्यावर जागा ठरते आणि मागून आलेली तो शब्द सहसा मोडत नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. अशा गाड्यांत भाजी निवडता निवडता हळदीकुंकवं आणि डोहाळजेवणंही होत आली आहेत.

विरार लोकलच्या दारात मात्र अशीच माणसं निराळी वागतात. बोरिवलीकराला चढताना अडवतात. चढलाच तर उतरू देत नाहीत. विरारकरांचं दुखणं खरं आहे: प्रवास लांबचा आणि बोरिवलीकरांना दुसऱ्या गाड्या आहेत. पण त्यापायी मारामाऱ्याही झाल्या. फलाटावरून ‘आत चला’ ओरडणारा आत शिरला, की पुढच्या स्टेशनावर तोच ‘जागा नाही’ म्हणतो. न्यायबुद्धी त्याच्यापाशी असतेच. ती कुणाला लागू करायची, हे दाराची चौकट ठरवते.

८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिथे बाक भिंतीलगत, प्रवास वीसेक मिनिटांचा. समोरासमोर बसणारे गट नाहीत, बोलून ठेवलेली जागा नाही. आधी पोचेल तो बसतो. भांडणं कमी, ओळखीही कमी. घाटकोपरला हेच प्रवासी जिना उतरून मध्य रेल्वेच्या डब्यात शिरतात आणि तिथे मुकाट चौथ्यासाठी सरकतात.