रेमोची गिटार आणि घरातले सूर

रेमो फर्नांडिस म्हटलं की आमच्या अकोटात माझ्या वयाच्या लोकांना 'हम्मा हम्मा' आठवतं. फार तर 'ओ मेरी मुन्नी'. हातात गिटार आणि गाणी इंग्रजी, म्हणजे हा सगळा विलायती नाद, असं म्हणून लोक मोकळे होतात. इतिहास मात्र एवढा सरळ नाही.

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा, पणजीतला. घराण्याचं गाव बार्देश तालुक्यातलं शिवोली. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. आपल्या नरनाळ्यावर आणि गोव्यावर एकेकाळी एकाच बहामनी सुलतानाची सत्ता होती. महमूद गवानने १४७२ मध्ये गोवा जिंकून बहामनी राज्याला जोडला होता. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि १५१० मध्ये अल्बुकर्कने घेतला. तिथून साडेचारशे वर्षं दोन्ही मुलखांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

त्या वाटेवर गोव्याला एक गोष्ट मिळाली. चर्चच्या शाळांमधून मुलांना सुरांची लिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. प्रार्थनेसाठी दिलेली ही तालीम पुढे पोटापाण्याच्याही कामी आली. मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा गोवेकरांनी उभे केले. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) त्यांचं नाव शिष्याने घराघरांत पोचवलं, पण ते नाव खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं? असो.

रेमो अशा मुलखातला. आजूबाजूला चर्चमधलं गायन, लग्नघरातले मांडो, घुमटाचा ठेका आणि पोर्तुगीज गाणी. तो सात वर्षांचा असताना लंडनहून आलेल्या एका चुलत भावाने बिल हेलीची 'रॉक अराउंड द क्लॉक' ही तबकडी आणली आणि पोरगं त्या आवाजाने झपाटलं. मग एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, बीटल्स. शाळेत असतानाच मित्रांबरोबर 'द बीट फोर' नावाचा बँड निघाला. तबकडीने ठिणगी टाकली हे खरंच, पण चुलीत लाकडं आधीच रचलेली होती, असं मला वाटतं.

उर्दूचा शिक्षक म्हणून इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या लुगतीत 'ऊद' म्हणजे सुगंधी लाकूड आणि एक तंतुवाद्यही. अरबांनी ते वाद्य अंदलुसियात नेलं. 'अल-ऊद'चं पोर्तुगीजमध्ये 'अलाऊद' झालं आणि इंग्रजीत 'ल्यूट'. गिटारच्या घराण्यातलंच हे वाद्य. विलायती म्हणून बोट दाखवताना ते कुठवर पोचतं ते पाहावं.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. रेमो तेव्हा साडेआठ वर्षांचा. कालपर्यंत सरकारदरबारी आणि अशा कॅथलिक घरांत चालणारी पोर्तुगीज भाषा बघता बघता मागे पडली. मुक्ती हवीच होती, त्यात दुमत नाही. तरी घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हे ओझं काय असतं ते माझ्या वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावर मी रोज पाहतो. घरची भाषा कोणी चुकीची म्हटली की मूल गप्प होतं. रेमो गप्प झाला नाही, कारण त्याच्याजवळ गाणं होतं.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. मध्ये त्याने वास्तुशास्त्राची पदवी घेतली, 'द सॅव्हेजेस' बँडबरोबर वाजवलं, युरोप आणि उत्तर आफ्रिका भटकून आला. रेकॉर्ड कंपन्यांना त्याची इंग्रजी गाणी नको होती. त्याने शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रण केलं, वाद्यं स्वतः वाजवली आणि १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' काढला. पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानोदुकानी विकल्या. भाषा इंग्रजी, पण विषय गोव्याचा. श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये (१९८५), १९६१ च्या गोव्याच्या त्या कथेत, तो गायलाही.

आणि त्याच वर्षी आला 'ओल्ड गोअन गोल्ड'. रॉकवाल्या पोराने कॅसेट काढली ती गोव्याच्या जुन्या गाण्यांची, आजी-आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असलेल्या.