तारेचा खांब आणि सदुसष्ट गावं

चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळाला दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक फुलं वाहतात. मीही वाहतो. १८५८ साली याच तारखेला मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी इथं फासावर चढवलं. पण हात जोडून झाले की माझ्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू होतो.

आधी जमीनदारी काय होती ते बघा. गोंड राजांपासून डोंगराकडचा मुलूख जमीनदारांकडे. घाटवाटा राखायच्या, वेळ पडली की माणसं घेऊन हजर व्हायचं, त्याच्या बदल्यात गावं खायची. म्हणजे जमीन होती ती शिपाईगिरीची. भोसल्यांनीही तेच चालू ठेवलं. १८५४ ला नागपूर खालसा झालं आणि साहेब आला. त्याला वाटा राखणारा पुरेना. त्याला स्वतःची वाट पाहिजे होती, तार पाहिजे होती.

आता तार काय जंगलातून आपोआप जाते? झाडं पाडा, खांब वाहा, छावणीत पाणी भरा. साहेबानं स्वतः भरलं असेल का हो पाणी?

मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी राजगड परगण्यावर धाड घातली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल मेले, पीटर निसटला. दीडशे वर्षं उलटली तरी तिघांची नावं शाबूत आहेत. त्या तळावर ओझी वाहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव गॅझेटियरवाल्यानं लिहिलं नाही. जखमी झाले, पळाले, मेले, काहीच नाही.

मग डेप्युटी कमिशनर क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंमार्फत डाव टाकला. १८ सप्टेंबरला बाबुराव साहेबाच्या हाती पडले. व्यंकटराव बस्तरात पळाले, १८६० ला सापडले, जन्मठेप झाली. त्यांची जप्त झालेली अडपल्ली आणि घोट, मिळून सदुसष्ट गावं, लक्ष्मीबाईंना बक्षीस.

लक्ष्मीबाईंना फितूर म्हटलं की आपले लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. जो राज्यावर बसेल त्याची चाकरी करा आणि गावं घ्या, हा करार त्यांच्या आधीपासूनचाच. साहेबानं फक्त धनी बदलला. माझा राग वेगळा आहे. सदुसष्ट गावं या हातातून त्या हातात गेली. त्यातल्या एका माडियाला, एका महाराला कोणी विचारलं? गावाबरोबर माणसंही गेली, गुरांसारखी. जमीनदारी कायद्यानं संपली ती ३१ मार्च १९५१ ला.

आमचा आजा गावचा कोतवाल. साहेबाचा दौरा आला की सडक साफ करायची, सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचं. मजुरी? ‘हक्काची बेगार होय ना बाबू,’ म्हणायचा आणि हसायचा. १९७८ ला गेला. आंघोळ घालताना पाह्यलं, उजव्या खांद्यावर कावडीचा घट्टा तसाच होता.