चुलीपुढची जमीन

दिवाळीच्या तळणाची गडबड चालू असताना पायाखालच्या जमिनीकडे बघायला कोणाला सवड असते? कढईतले तेल उडते ते तिच्यावर, पाट मांडले जातात ते तिच्यावर, आणि सगळे आवरून झाल्यावर रात्री शेवटचे पोतेरे फिरते तेही तिच्यावरच. बखरींतून गड येतात, तह येतात. ही बिचारी कुठे येत नाही. पण कोकणापुरती तरी तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. जिथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे स्वयंपाकघराची जमीन म्हणजे ओलीशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेला झगडा आहे.

कोकणातले जुने घर जांभ्याचे. खाणीतून निघताना हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने सहज तासावा. वारा लागला की टणक होतो. कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात, लॅटिन भाषेतल्या विटेच्या नावावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. पण जांभ्याच्या अंगी छिद्रे फार. दिव्याची वात तेल ओढते तसा तो खालचे पाणी वर ओढतो. म्हणून शहाणा माणूस जोते उंच घेई, आत दगडगोटे आणि मुरूम भरी, वर माती पसरून, पाणी शिंपून ती चोपण्याने चोपून काढी. दगडगोट्यांमधल्या पोकळीत पाण्याची चढण तुटते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मग वर शेणाचे सारवण.

ही जमीन स्वस्त, असे आपण सहज म्हणतो. माती परसातली, शेण गोठ्यातले आणि हात घरच्यांचे! गवंडीकामात शंभर चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद स्वयंपाकघर म्हणजे बरोबर एक ब्रास. एवढी जागा आठवड्यातून एकदा सारवायची, आणि शेण आणण्या-कालवण्यापासून हातपाय धुण्यापर्यंत दीड तास धरायचा, तर वर्षाचे ७८ तास होतात. सून म्हणून घरात आलेली बाई तीस वर्षे हे करील तर २,३४० तास. आठ तासांच्या रोजाने २९२ दिवसांची मजुरी! हा आकडा कोणत्याही घरखर्चाच्या वहीत सापडायचा नाही. आणि हे झाले उघडिपीचे. आषाढात सारवण वाळतच नाही. ओल्या जमिनीवर वावरून बायकांच्या पायांना चिखल्या होतात, भिंतीच्या कडेने वाळवी चढते, कोपऱ्यात उंदीर बीळ करतो.

उंदराची गोष्ट किरकोळ नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९७ साली पुण्यात रँडच्या अमदानीत घरे धुऊन काढताना मातीच्या जमिनीसुद्धा उकरल्या गेल्या. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले ते त्यानंतर, १८९८ साली. बीळ करता येणार नाही अशा जमिनीची ओढ शहरवासीयांना त्या काळी लागली असेल तर नवल नाही.

श्रीमंतांकडे चुन्याचा कोबा होताच. पण तो ठोकून काढायला माणसे फार लागत आणि दिवसही फार. दगडी फरशीला बळ दिले ते आगगाडीने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८७१ साली रायचूरला पोचला. वाटेवरचे शहाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात, आज कर्नाटकच्या कलबुर्गी जिल्ह्यात. तिथला चुनखडीचा दगड थराथरांनी निघतो. म्हणजे फरशी जणू निसर्गानेच अर्धी घडवून ठेवलेली. कोकणात मात्र पुरी आगगाडी धावायला १९९८ साल उजाडले. तोवर फरशी घाट उतरून किंवा समुद्रमार्गे यायची, आणि दगडाच्या किमतीत वाहणावळ मिळवली की गरिबाने शेणाकडेच वळावे.

शहाबादीने सारवण संपवले, पण ओल नाही. मे महिना सरताना समुद्राकडचा दमट वारा गार दगडाला लागतो आणि फरशीला घाम येतो. लोक म्हणतात, जमीन पाझरते. पाझरतेही कधी कधी. पण पुष्कळदा ते पाणी खालचे नसून हवेतले असते. पैसे वाचवण्यासाठी खाडीची खारी वाळू न धुता फरशीखाली घातली असेल, तर मग बघायलाच नको. मीठ दर पावसाळ्यात ओल धरते आणि सांध्यांतून पांढरी भुकटी वर येते. असली बचत दर वर्षी व्याज मागते.

नंतर सिमेंट आले. पोरबंदरला १९१४ साली कारखाना चालू झाला. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज काढून परदेशी लाद्यांना स्वदेशी जोड दिली. आठ इंची लादी एका ब्रासला २२५ लागतात. आजची दोन फुटी लादी २५. हा फरक लावणावळीत आणि सांध्यांत दिसतो. जितके सांधे अधिक, तितक्या हळदीला आणि तेलाला बसायला जागा अधिक.

संगमरवराचा मोह स्वयंपाकघरात तरी आवरावा, असे माझे मत आहे. तोही चुनखडीच्याच कुळातला. कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस सांडला की तेवढ्या जागेची झिलई जाते. कोट्याचा दगड त्याच कुळातला, पण अंगाने घट्ट आणि वृत्तीने सोशिक, म्हणून मला आवडतो. लाकडी जमीन कोकणच्या हवेत फुगते. तिचा विचारच नको.

हल्ली मोरबीकडच्या व्हिट्रिफाइड लाद्यांचे राज्य आहे. त्या आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाहीत, आम्लाला दाद देत नाहीत. पण पाणी पीत नाहीत म्हणूनच घाम आला की तो वरच राहतो, आणि गुळगुळीत लादीवर हातात भाताचे पातेले घेतलेल्या बाईचा पाय सटकतो. खरबरीत अंगाची लादी घ्यावी. सांध्यांत एपॉक्सी भरून घ्यावे, त्याला पैसे अधिक पडले तरी. दुकानदार सांगतो ती नुसत्या लादीची किंमत असते. खालचा माल, मजुरी, गाडीभाडे आणि तुटफुटीसाठी शेकडा पाच-दहा जादा लाद्या त्यात नसतात. मोरीकडे उतार काढून घ्यायचा तो लादी बसण्यापूर्वी. मागाहून कोणताही गवंडी तो काढून देऊ शकत नाही.

आणि नमुना पसंत करायला नवऱ्याने एकट्याने जाऊ नये. तो दिव्याखाली चमकणारी लादी उचलतो. जिला तिथे उभे राहायचे आहे तिने दुकानात चप्पल काढावी, लादीवर भांडेभर पाणी ओतायला सांगावे, आणि त्यावर उभे राहून बघावे. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.