अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) वैद्यकीय व दंतवैद्यकीय पदवी विद्यार्थ्यांसाठीची छोट्या विद्यावेतनाची योजना. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसटीएस'. प्रारंभ १९७९. परिषदेचे मूळ नाव 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' (१९११). तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत भरली. १९४९ मध्ये सध्याचे नाव मिळाले.

विद्यार्थी मार्गदर्शक प्राध्यापकाच्या मदतीने प्रस्ताव पाठवतो. तो निवडला गेला, की नीतिशास्त्र समितीची संमती घेऊन दोन महिन्यांत काम पुरे करायचे असते. विद्यावेतन अहवाल मंजूर झाल्यावरच मिळते. तोवर झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचा खर्च बहुधा पदरचाच.

रक्कम लहान, पण शिकवण मोठी, आणि ती मुख्यतः चुकांतून मिळते. लसीकरणाच्या अभ्यासात 'बाळाला सगळ्या लसी दिल्या का?' असे विचारले, की आई सहसा 'हो' म्हणते. लसीकरण कार्ड मागून गोवरलसीसमोरची तारीख पाहिली, तरच खरे कळते. प्रश्न आईच्या बोलीत हवा, आधी दहा-बारा जणींवर तपासलेला हवा. बाह्यरुग्ण विभागात आलेल्यांनाच विचारले, तर जे दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत ते नमुन्यातून सुटतात. रोगप्रतिबंधाच्या संशोधनात नेमके तेच महत्त्वाचे असतात. दोन महिन्यांत रोगाचे प्रमाण घटल्याचे दाखवता येत नाही. त्यामुळे ज्ञान, सवयी, लसीकरणाची व्याप्ती असे आटोपशीर विषयच या योजनेत शोभतात.