घर राखण्याचा खर्च : महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या डागडुजीचा इतिहास

महाराष्ट्रातील घरांचा इतिहास सांगताना ती कोणी बांधली, कोणत्या पद्धतीने बांधली आणि त्यांना किती खर्च आला, याची नोंद आवर्जून केली जाते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली आणि त्या कामाला १६,११० रुपये लागले, हे आकडे पुण्याच्या इतिहासाविषयीच्या बहुतेक लेखनात येतात. घर उभे राहिल्यावर ते पुढील शंभर-दीडशे वर्षे तगवण्यासाठी दरसाल किती श्रम, किती सामान आणि किती पैसा लागत गेला, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. वास्तविक माती, लाकूड, चुना आणि कौल यांनी घडलेल्या घराचे आयुष्य त्याच्या बांधणीइतकेच त्याच्या डागडुजीवर अवलंबून असते. ही डागडुजी कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, याची व्यवस्था ज्या ज्या वेळी मोडली त्या त्या वेळी घरेही मोडकळीला आली, असे गेल्या दीड-दोन शतकांचा आढावा घेतल्यास दिसते.

पारंपरिक घराच्या देखभालीचे वेळापत्रक पावसाळ्याने आखून दिलेले होते. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथील छपरे एकेकाळी गवताची किंवा नळ्यांची, म्हणजे कुंभाराने हाताने घडवलेल्या अर्धगोल कौलांची असत. नळे वाशांवर नुसते एकमेकांवर रचलेले असल्यामुळे वारा, माकडे, मांजरे आणि वरून पडणाऱ्या झावळ्या यांनी ते वर्षभरात सरकत व फुटत. त्यामुळे मृग नक्षत्र लागण्याआधी छपराची शाकारणी करावी लागे. नळे उतरवून झाडायचे, फुटके वेगळे काढायचे, खाली किडलेला वासा किंवा रीप आढळली तर ती बदलायची आणि पुन्हा पावळीपासून आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून माथ्यापर्यंत, ओळीने नळे चढवत न्यायचे, असे हे काम चाले. शाकारणीमुळे गळती थांबे हे खरेच, परंतु तिचा अधिक मोठा उपयोग असा की छपराचे सारे लाकूड वर्षातून एकदा माणसाच्या नजरेखालून आणि हाताखालून जाई, त्यामुळे वाळवीचा किंवा कुजण्याचा दोष एखाद्या वाशापुरता असतानाच लक्षात येई.

शाकारणीच्या जोडीने मातीच्या भिंतींना पावसाच्या झडीपासून जपण्यासाठी बाहेरून झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात. पाऊस सरल्यावर ते काढून अंगणाची जमीन पुन्हा खणून, भिजवून, चोपण्याने ठोकून घट्ट करीत आणि शेणाने सारवीत. देशावरही घटस्थापनेपूर्वी किंवा दिवाळीपूर्वी भिंतींचे पोपडे काढून गिलावा दुरुस्त करण्याची आणि पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने घर पोतारण्याची चाल होती. सणांची ही तयारी धार्मिक भावनेने होत असली, तरी पावसाने केलेले नुकसान थंडीआधी भरून काढण्याचे काम तिच्यातून आपोआप पार पडे.

वाड्यांची देखभाल याहून अधिक कसबाची होती. वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे, सांगाडा सागवानी खांब व तुळयांचा आणि भिंती विटांच्या किंवा मातीच्या असत. खांब थेट जमिनीत न रोवता तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर उभा केला जाई, कारण लाकडाचा बुंधा ओलीला लागला की तो आधी कुजतो, हे सुतारांना अनुभवाने ठाऊक होते. लाकूड टिकवण्यासाठी त्याला जवसाचे किंवा बिब्ब्याचे तेल देत आणि कोकणात काजूच्या टरफलाचे काळे, झोंबणारे तेल लावीत. चुन्याचे काम तर दुरुस्तीलाही बांधकामाइतकेच वेळखाऊ असे. चुनखडी भट्टीत भाजून ती पाण्यात विझवायची, मग वाळू मिसळून ती घाणीत, म्हणजे बैलांनी ओढलेले दगडी चाक ज्यात फिरते अशा गोल चरात, मऊ होईपर्यंत मळायची आणि चिकटपणा व टिकाऊपणा यावा म्हणून तिच्यात गूळ, हिरडा किंवा बेलफळाचा गर घालायचा, अशी ही पद्धत होती. चुना सावकाश घट्ट होतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. म्हणून चुन्याच्या भिंतीला चुन्याचेच ठिगळ लावणे हा जाणत्या गवंड्याचा नियम होता.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचा भार कोणावर होता, हे विसरणे योग्य नव्हे. सारवणे, पोतारणे आणि जमीन करणे ही कामे घरातील स्त्रियांनी वर्षानुवर्षे केली आणि ती खर्चाच्या कोणत्याही खात्यात कधी मांडली गेली नाहीत. गावातील सुतार, लोहार आणि कुंभार यांना सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने धान्य मिळे, परंतु त्यांच्या श्रमाचे मोल ठरवण्याची ताकद त्यांच्या हाती क्वचितच असे. किल्ले आणि सरकारी इमारती यांच्या डागडुजीसाठी तर वेठ, म्हणजे सक्तीचे बिनमोल काम, घेतले जाई. जुन्या घराची देखभाल स्वस्त होती असे जे म्हटले जाते, त्यातील मोठा भाग हा या न मोजलेल्या श्रमांचा होता, आणि पुढे त्या श्रमांची रोख किंमत द्यावी लागू लागली तेव्हा खर्च अचानक वाढल्यासारखा वाटला.

पहिला मोठा बदल सामानातून आला. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मसंस्थेने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि साच्यात दाबून भट्टीत भाजलेली, एकमेकांत अडकणारी चपटी कौले हळूहळू साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. मंगलोरी कौल दरवर्षी परतावे लागत नाही, म्हणून ते घरमालकाला परवडले. मात्र त्यासाठी करवतीने कापलेले सरळ वासे आणि ठरावीक अंतरावर ठोकलेल्या रिपा लागत, त्यामुळे छपराचा पहिला खर्च वाढला आणि तो रोखीत करावा लागला. वार्षिक शाकारणी कमी झाल्यावर छपराच्या लाकडाची वार्षिक तपासणीही सुटत गेली. शिवाय वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा फरक असल्याने एका छापाचे कौल दुसऱ्यात नीट बसत नाही, आणि फुटक्या कौलाच्या जागी त्याच छापाचे कौल शोधण्यासाठी पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांकडे वळावे लागते.

याच काळात कोकणातील घर आणि त्याचा खर्च करणारा माणूस यांची ताटातूट झाली. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत कामाला लागला आणि घराची डागडुजी मनीऑर्डरच्या पैशांवर आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सवडीवर अवलंबून राहू लागली. त्यात वडिलोपार्जित घर बहुधा सामाईक असते. दोन-तीन पिढ्यांत हिस्सेदारांची संख्या वाढते, त्यातील काही मुंबईत, काही परदेशात असतात, आणि ज्याने छपरावर पैसा घातला त्याला त्या खर्चाच्या प्रमाणात अधिक हक्क मिळत नाही. परिणामी घरपट्टी भरली जाते, गणपतीला घर उघडले जाते, पण आढ्याचे लाकूड बदलण्याचा निर्णय लांबणीवर पडत राहतो. चौसोपी घरे ओस पडली याचे कारण पुष्कळदा पैशाची टंचाई नसून खर्चाची जबाबदारी निश्चित नसणे हे आहे.

शहरांत हाच प्रश्न मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये उभा राहिला. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा सरकारी पथकांनी चाळींतील खोल्यांना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली. घराची निगा हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, हे त्यावेळी जबरदस्तीच्या मार्गाने का होईना, मान्य झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई होऊन भाडी भडकल्यावर १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. त्यानंतर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने मुंबई, पुणे आणि इतर शहरांतील बहुसंख्य जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. लक्षावधी कामगार आणि कारकून कुटुंबांना या कायद्याने निवारा राखून दिला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्याच कायद्याने घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले होते. परंतु सिमेंट, लाकूड आणि मजुरी यांचे दर वाढत गेले आणि भाडे जागच्या जागी राहिले, तेव्हा त्या भाड्यातून छपरावरची कौले बदलणेही अशक्य झाले. मालकाने खर्च करायचे सोडले, आणि मालकी नसलेल्या भिंतीत पैसा घालण्यास भाडेकरू राजी नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली गोठवलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेच काही रुपयांचे असेल तर चार टक्के वाढीने डागडुजी होत नाही.

मुंबईतील इमारती कोसळू लागल्यावर राज्य शासनाने १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला आणि मुंबई शहरातील जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर, म्हणजे दुरुस्तीच्या निधीसाठीचा खास कर, बसवला. अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारतींपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. पुढे १९७७ साली हे मंडळ म्हाडामध्ये सामील झाले. घराची देखभाल ही खासगी चैन नसून सामाईक जबाबदारी आहे, हे या कायद्यामागील तत्त्व दूरदृष्टीचे होते. परंतु मंडळाच्या वाट्याला बहुधा इमारत टेकूंवर आल्यानंतरचे काम आले. बऱ्याच इमारतींना वेळच्या वेळी किरकोळ दुरुस्ती मिळाली नाही. आधी दीर्घ दुर्लक्ष आणि मग एकदम मोठा खर्च किंवा पाडकाम, हाच क्रम रूढ झाला.

पुण्याच्या वाड्यांना असे मंडळही लाभले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यात भिजून खचल्या आणि असंख्य वाडे पडले. जे उरले त्यांत अनेक बिऱ्हाडे नाममात्र भाड्याने राहत होती, त्यामुळे पुढील दशकांत दुरुस्तीपेक्षा वाडा पाडून सदनिका बांधणे हाच सर्वांना परवडणारा मार्ग ठरला. ज्यांनी दुरुस्ती केली त्यांतील अनेकांनी हाताशी असलेले सिमेंट वापरले. सिमेंटचा कठीण थर माती आणि चुन्याच्या भिंतीवर बसला की आतील ओल बाहेर पडू शकत नाही, ती भिंतीत साठते, गिलावा फुगतो आणि भिंतीत दडलेले लाकूड कुजते. चुन्याच्या घाण्या बंद पडल्या आणि ते काम जाणणारे गवंडी उरले नाहीत, याची किंमत अशा रीतीने भिंतींनी चुकवली.

केवळ नियमितपणाने घर सुरक्षित राहते असेही नाही, हे मराठवाड्यातील माळवदाच्या घरांनी अतिशय कठोरपणे दाखवून दिले. माळवद म्हणजे तुळयांवर लाकडी किलचन, त्यावर पाला-फांद्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर घालून केलेले सपाट छत. कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या मुलखात ते घर थंड ठेवते. पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर देण्याची रीत होती. मात्र जुनी माती पूर्ण न काढता नवी घालत गेल्याने पिढ्यान्‌पिढ्या छताचे वजन वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा सांधणारे आडवे दगड नसलेल्या जाड दगडी भिंती फाटल्या आणि हे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने इतर घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबवला गेला, ज्यात माळवदाची माती कमी करणे आणि भिंतींचे दोन्ही थर आरपार दगडांनी बांधणे हे उपाय सांगितले गेले. अल्प खर्चाचे हे उपाय आधीच्या कोणत्याही उन्हाळ्यात करता आले असते.

या साऱ्या इतिहासातून जुन्या घरांच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. घर राखण्यासाठी दरवर्षीचा लहान खर्च, त्या खर्चाची ठरलेली जबाबदारी आणि मूळ सामानाचे ज्ञान या तीन गोष्टी एकत्र लागतात. कोकणातील सामाईक घरात जबाबदारी हरवली, शहरातील भाड्याच्या इमारतीत खर्चाची सोय हरवली, आणि सिमेंटने लिंपलेल्या वाड्यात व मातीने जडावलेल्या माळवदात ज्ञान तोकडे पडले. वारसा जतनाची चर्चा आजही प्रामुख्याने दर्शनी भाग, कोरीव खांब आणि प्रसिद्ध वास्तू यांच्याभोवती फिरते, तर पावसाळ्याआधी ‘धोकादायक’ अशी नोटीस बजावली की सामान्य घराविषयीचे कर्तव्य संपले असे मानले जाते. शासनाला आणि समाजाला जुनी वस्ती खरोखर टिकवायची असेल, तर पडलेल्या घराच्या पुनर्बांधणीइतकेच उभ्या घराच्या वार्षिक डागडुजीला अर्थसाहाय्य दिले पाहिजे, सामाईक घरावर खर्च करणाऱ्या हिस्सेदाराला कायद्याने संरक्षण दिले पाहिजे आणि चुना, लाकूड व कौल यांचे काम करणाऱ्या कारागिरांना पूर्वी कधी न मिळालेला पुरेसा मोबदला दिला पाहिजे.